प्रिंटरवर कार्ड टेकवून लॉगिन: आधी नंबर जुळवा, रीडर नंतर घ्या

मुंबईच्या बीकेसीतलं काचेचं ऑफिस असो की फोर्टातल्या जुन्या इमारतीतली सीएची फर्म, दुपारी चारच्या सुमारास प्रिंटरच्या ट्रेमध्ये डोकावून बघा. कुणाची सॅलरी स्लिप, कुणाचं अर्धवट कोटेशन, कुणाच्या मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट, आणि शिवाय ज्याला कुणी वालीच नाही असा एक जाडजूड गठ्ठा. कार्ड लॉगिन आलं की हा ढीग बंद होतो. प्रिंट दिली तरी कागद बाहेर येत नाही. तुम्ही मशीनपाशी जाता, गळ्यातलं दाराचं कार्ड रीडरवर टेकवता, पडद्यावर फक्त तुमची कामं दिसतात आणि ती तिथेच छापली जातात. स्कॅन केलं तर थेट तुमच्या मेलवर, पत्ता टाइप करण्याची भानगड नाही.

हा लेख ते बसवणाऱ्यासाठी आहे. म्हणजे आयटीतला एकटा माणूस, नाहीतर ॲडमिनमधली ती व्यक्ती जिच्या गळ्यात हे काम परस्पर टाकलं गेलंय. व्हेंडरच्या डेमोत सगळं पाच मिनिटांत होतं: कार्ड टेकवलं, बीप झालं, नाव आलं, चहा आला. प्रत्यक्षात मशीन, रीडर आणि लायसन्स या पैशांनी सुटणाऱ्या गोष्टी आहेत. कार्डातून निघणारा नंबर आणि तुमच्या यादीतला नंबर अंकन्‌अंक सारखा आहे का, हे मात्र पैशांनी सुटत नाही, आणि काम अडतं ते तिथेच. म्हणून खालचा क्रम व्हेंडरच्या क्रमापेक्षा वेगळा आहे. रीडरची ऑर्डर बरीच उशिरा येते.

आधी ठरवा: नुसतं कुलूप हवंय की प्रिंट थांबवायचीय?

एखाद-दोन मशीनं असतील आणि ‘कुणीही येऊन झेरॉक्स काढू नये’ एवढीच अपेक्षा असेल, तर मशीनच्या आतल्या वापरकर्ता यादीवर भागतं. कॅननच्या इमेजरनर ॲडव्हान्स मशीनांत यूनिव्हर्सल लॉगिन मॅनेजर आहे, क्योसेराचं कार्ड ऑथेंटिकेशन किट लायसन्स टाकून चालू करता येतं, इतर कंपन्यांकडेही अशी सोय आहे. नाव आणि कार्ड नंबर मशीनमध्येच साठतात, सर्व्हर लागत नाही. तोटा असा की माणूस नोकरी सोडून गेला की प्रत्येक मशीनवर जाऊन त्याचं नाव काढावं लागतं.

मशीनं जास्त असली, दोन-तीन मजले असले, किंवा ‘अंधेरीत प्रिंट दिली, लोअर परळला जाऊन काढली’ असं हवं असेल, तर सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लागतं. पेपरकट एमएफ, यूनिफ्लो, सेफक्यू ही आपल्याकडे ऐकू येणारी नावं. यात वापरकर्ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटर लॉगिनच्या मध्यवर्ती यादीतून) येतात, प्रिंट एकाच रांगेत थांबते आणि ज्या मशीनवर कार्ड टेकवाल तिथे बाहेर येते. लायसन्स साधारणपणे मशीनमागे असतं, त्यामुळे मशीनं भाड्याने असतील तर व्हेंडरकडून ते मासिक बिलात बसवून घेता येतं का, हे आत्ताच विचारा. करार झाल्यावर विचारलं तर उत्तर वेगळं मिळतं.

तुमच्या गळ्यातलं कार्ड नक्की कोणतं?

बाहेरून सगळी पांढरी कार्डं सारखी दिसतात. आत दोन मुख्य जाती आहेत. एक १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी प्रॉक्सिमिटी कार्डं: ईएम जातीची स्वस्त कार्डं आणि एचआयडी प्रॉक्स. दुसरी १३.५६ मेगाहर्ट्झची: मायफेअर क्लासिक, डेसफायर, आयक्लास वगैरे. एका जातीचा रीडर दुसऱ्या जातीचं कार्ड वाचत नाही. काही कार्डांत दोन्ही चिपा असतात, ते प्रकरण आणखी मजेशीर.

ओळखायची सोपी पद्धत: एनएफसी (टॅप करून पैसे देताना वापरतात ती सोय) असलेला अँड्रॉइड फोन घ्या, टॅग वाचणारं कुठलंही फुकटचं ॲप टाका आणि कार्ड फोनच्या पाठीला लावा. फोनने ओळखलं तर कार्ड १३.५६ वालं. ढिम्म बसला तर बहुतेक १२५ वालं, कारण फोनच्या एनएफसीला ती फ्रिक्वेन्सी वाचताच येत नाही. कार्ड जाड, दोन शिंपल्यांसारखं चिकटवलेलं असेल आणि त्यावर दहा अंकी नंबर नि पुढे स्वल्पविरामाने तोडलेला दुसरा नंबर छापलेला असेल, तर ते ईएम कार्ड आहे असं धरून चाला.

मुंबईत इथे एक खास गुंता होतो. मोठ्या टॉवरमध्ये लॉबीतल्या फ्लॅप गेटचं कार्ड इमारतीच्या मॅनेजमेंटचं असतं आणि मजल्यावरच्या दाराचं कार्ड कंपनीचं. लोकांच्या गळ्यात दोन-दोन कार्डं. प्रिंटरसाठी कंपनीचंच कार्ड घ्या. इमारतीचं कार्ड त्यांच्या मर्जीने बदलतं, नंबरांची यादी तुमच्या हातात नसते, आणि भाडेकरार संपून ऑफिस गोरेगावला हललं की सगळी नोंदणी पुन्हा शून्यापासून.

वेगवेगळ्या वर्षांत घेतलेली, वेगवेगळ्या मजल्यांवरची पाच-सहा कार्डं गोळा करा. जुना कर्मचारी, नवा कर्मचारी, कंत्राटी माणूस, हाउसकीपिंगचा सुपरवायझर. ‘आमच्याकडे एकाच प्रकारची कार्डं आहेत’ हे वाक्य ॲडमिनकडून हमखास ऐकायला मिळतं, आणि ते क्वचितच खरं असतं.

नंबरची गोष्ट

आता मुद्द्याचं. समजा एका ईएम कार्डावर छापलंय: ०००१२३४५६७ आणि शेजारी ०१८,५४९१९. हे दोन वेगळे नंबर नाहीत, एकच नंबर दोन पद्धतींनी लिहिलाय. १२,३४,५६७ ला ६५,५३६ ने भागा: भागाकार १८, बाकी ५४,९१९. पहिला भाग फॅसिलिटी कोड, दुसरा कार्ड नंबर. हाच आकडा हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या पद्धतीत) लिहिला तर ००१२डी६८७ होतो.

आता हेच कार्ड वेगवेगळ्या यंत्रांना दाखवा. एक रीडर ०००१२३४५६७ पाठवेल. दुसरा पुढची शून्यं खाऊन १२३४५६७. दाराच्या सिस्टीमच्या यादीत ०१८५४९१९ असेल, किंवा नुसतंच ५४९१९. तिसरा रीडर हेक्स देईल, चौथा हेक्सच्या पुढे आणखी एक बाइट, म्हणजे हेक्सचे दोन अंक, जोडेल. आणि पाचवा बाइट उलट्या क्रमाने वाचून ८७डी६१२०० असं धरेल, ज्याचं दशांशात होतं २२७८९५३४७२. कार्ड एकच, माणूस एकच, पण यादीत ०००१२३४५६७ आणि मशीनकडे २२७८९५३४७२ आला तर मशीन म्हणणार ‘अनोळखी कार्ड’. त्याची काही चूक नाही.

यातला सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे नुसतं ५४९१९ वापरणं. एचआयडीच्या प्रचलित २६ बिटांच्या रचनेत ८ बिट फॅसिलिटी कोडला, १६ बिट कार्ड नंबरला आणि २ बिट पॅरिटीला, म्हणजे वाचनातली चूक पकडायला, असतात. म्हणजे कार्ड नंबर ० ते ६५,५३५ यांच्यातच फिरतो. कंपनीने कार्डांचा दुसरा गठ्ठा वेगळ्या फॅसिलिटी कोडचा आणला की ५४९१९ नंबरचं आणखी एक कार्ड निघू शकतं. मग लॉगिन होतं, बीपही होतं, फक्त नाव दुसऱ्याचं येतं. लॉगिन न होण्यापेक्षा हे वाईट, कारण ते लगेच कुणाच्या लक्षात येत नाही. फॅसिलिटी कोडसह पूर्ण नंबर वापरा, कुणी ‘शेवटचे पाच अंक पुरेत’ म्हटलं तरी.

१३.५६ वाल्या मायफेअर-डेसफायर कार्डांत चिपचा नंबर ४ किंवा ७ बाइटचा असतो. ७ बाइटचा नंबर दशांशात सोळा-सतरा अंकी होतो. इथे एक्सेलशी गाठ पडते. एक्सेल फक्त १५ अंक नीट सांभाळतं, पुढचे अंक शून्य करून टाकतं, आणि तेही न सांगता. हेक्स नंबर टाकला तर वेगळाच तमाशा: १२३४५६ई७ असा नंबर साध्या रकान्यात पेस्ट केला की एक्सेलला ती घातांकातली संख्या वाटते आणि त्याचं १.२३ई+१२ होतं. पुढची शून्यं तर ते कायमच गिळतं. एचआरकडून येणारी यादी हमखास एक्सेलमध्ये असते, तेव्हा एचआरला पहिलं वाक्य हे: रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग नंबर पेस्ट करा. आणि यादी आल्यावर एकच नंबर दोनदा आलाय का, हे तपासल्याशिवाय कुठेही इम्पोर्ट करू नका.

ही तपासणी कागदावर करा. चार रकाने आखा: कार्डावर छापलेला नंबर, दाराच्या सिस्टीममधला नंबर, रीडरने दिलेला नंबर, आणि डिरेक्टरीत ठेवायचा नंबर. गोळा केलेल्या प्रत्येक कार्डाची एक ओळ. पाच-सहा ओळींत रूपांतराचा नियम डोळ्यांना दिसायला लागतो.

नियम सापडला की तो कुठे बसवायचा? रीडरच्या सेटिंगमध्येही बसवता येतो आणि सर्व्हरवरही. पेपरकटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड नंबर बदलून घेणारा कन्व्हर्टर असतो: हेक्सचं दशांश करणं, पुढचे-मागचे अंक कापणं वगैरे. माझा कौल सर्व्हरला. रीडर बिघडला की इंजिनिअर नवा कोरा रीडर लावून निघून जातो, त्याच्यात तुमची सेटिंग नसते, आणि सोमवारी सकाळी त्या एका मशीनवर कुणाचंच कार्ड चालत नाही. रीडरने नंबर जसा आहे तसा द्यावा, बदल एकाच ठिकाणी व्हावा. दोन्हीकडे थोडा थोडा बदल मात्र कधीच नको.

रीडर

आता रीडर घ्या. शक्यतो दोन्ही फ्रिक्वेन्सी वाचणारा. आर एफ आयडियाजचे वेव्ह आयडी (आधीचं नाव पीसीप्रॉक्स) आणि एलाटेकचे टीडब्ल्यूएन४ हे या कामात नेहमीचे. किंमत चांगलीच जास्त असते, पण पुढे कंपनीने कार्डं बदलली तर रीडर बदलावे लागत नाहीत.

लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, अगदी स्वस्तात यूएसबी रीडर मिळतात. ते फक्त ईएम कार्ड वाचतात आणि कीबोर्डसारखे वागतात: कार्ड टेकवलं की दहा अंक आणि शेवटी एंटर. असा एक टेबलावर जरूर ठेवा, तपासणीला आणि नव्या माणसाची नोंदणी करायला तो सोन्यासारखा आहे. प्रिंटरला लावायला मात्र नाही. बहुतेक मशीनं आणि सॉफ्टवेअर ठरावीक मॉडेलचेच रीडर स्वीकारतात. रीडर आपली यूएसबी ओळख सांगतो आणि ती यादीत नसेल तर मशीन त्याला ओळखच दाखवत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी व्हेंडरकडून लेखी घ्या: तुमचं मशीन मॉडेल, तुमचं सॉफ्टवेअर, हा रीडर, तिन्ही एकत्र चालतात.

एकच नमुना मागवा. कॉम्प्युटरला लावा, नोटपॅड उघडा, गोळा केलेली सगळी कार्डं एकेक करून टेकवा आणि आलेले नंबर तुमच्या चार रकान्यांशी ताडून पाहा. काहीच उमटलं नाही तर रीडर कीबोर्ड मोडमध्ये नाही, किंवा त्या जातीचं कार्ड त्याच्या सेटिंगमध्ये चालू केलेलं नाही. कंपनीच्या कॉन्फिगरेशन सॉफ्टवेअरमधून ते बदलता येतं. सगळी कार्डं पास झाली की मगच बाकीचे रीडर मागवा.

मशीनवर बसवताना

रीडर लावण्याआधी मशीनची साफसफाई. ॲडमिनचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. तो मशीनच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल इंटरनेटवर असतं. आयपी पत्ता पक्का करा. मशीनचं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, प्रिंट सॉफ्टवेअरच्या मागणीइतकं नवं आहे का ते इंजिनिअरकडून बघून घ्या. आणि घड्याळ! मशीन ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी केर्बेरोस या लॉगिन पडताळणीच्या पद्धतीने बोलणार असेल तर मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत मूळ सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. टाइम झोन भारताचा ठेवा, वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) आपोआप जुळू द्या. ‘पासवर्ड बरोबर आहे पण लॉगिन होत नाही’ या तक्रारीत मी सर्वांत आधी घड्याळ बघतो.

डिरेक्टरीशी जोडणीसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट करा, फक्त वाचण्यापुरत्या अधिकाराचं. डिरेक्टरीतून माहिती वाचायची पद्धत म्हणजे एलडॅप. ते ३८९ पोर्टवर साधं चालतं, ६३६ वर एन्क्रिप्ट होऊन, ६३६ घ्या. कार्ड नंबर ठेवायला बरेच जण ‘पेजर’ हा रकाना वापरतात, कारण पेजर गेले आणि रकाना रिकामा राहिला. सोयीचं आहे, पण मूळ मांडणीत डोमेनमधला, म्हणजे कंपनीच्या डिरेक्टरीतला, कुठलाही वापरकर्ता तो रकाना वाचू शकतो हे ध्यानात असू द्या. ते पटत नसेल तर नंबर थेट प्रिंट सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये ठेवा.

मग रीडर. बऱ्याच मशीनांत त्याच्यासाठी पॅनलशेजारी झाकणाखाली जागा आणि यूएसबी पोर्ट असतो. मागच्या पोर्टातून लांब वायर ओढून सेलोटेपने चिकटवलेला रीडर महिन्याभरात लोंबकळतो. पोर्ट बंद असेल तर सेटिंगमधून चालू करा. कॅननमध्ये एक्स्टर्नल इंटरफेसच्या यूएसबी सेटिंगमध्ये, यूएसबी इनपुट उपकरणासाठी मीप (कॅननच्या मशीनवर ॲप चालवणारी व्यवस्था) ड्रायव्हर वापरण्याचा पर्याय आहे. तो चालू करून मशीन रीस्टार्ट करावं लागतं. कोनिका मिनोल्टाच्या बिझहबमध्ये रीडरचा ड्रायव्हर मशीनमध्ये चढवावा लागतो आणि तो सर्व्हिस मोडमधून चढतो, म्हणजे इंजिनिअर हवाच. एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) ही भेट धरली आहे का, तेही आधी विचारून ठेवा.

शेवटी वेळा. काही न करता ऑटो-लॉगआउट किती सेकंदांत व्हावं? दोन-तीन मिनिटं ठेवली तर मागचा माणूस पुढच्याच्या नावावर झेरॉक्स काढतो. पंधरा सेकंद ठेवली तर काच उघडून पुस्तकाचं पान उलटेपर्यंत लॉगआउट होतं आणि आयटीच्या नावाने शंख होतो. मिनिटभरावर सुरुवात करा, मग लोकांकडे बघून कमी-जास्त करा. लॉगआउटसाठी पुन्हा कार्ड टेकवण्याची सोय असेल तर ती चालू करा, लोकांना ती पटकन अंगवळणी पडते.

नोंदणी

दाराच्या सिस्टीममधली यादी स्वच्छ असेल तर ती एकदम इम्पोर्ट करा. ती स्वच्छ नसेल, आणि बहुधा नसतेच, तर स्व-नोंदणी बरी. अनोळखी कार्ड टेकवलं की मशीन विचारतं, ‘तुम्ही कोण?’ माणूस आपलं ऑफिसचं युजरनेम-पासवर्ड एकदाच टाकतो आणि ते कार्ड त्याच्या नावावर चढतं. नंबरच्या रूपांतराची डोकेदुखी यात जवळजवळ संपते, कारण मशीनला जो नंबर दिसतो तोच साठतो.

पण फट आहे. कुणीही कुठलंही कार्ड नोंदवू शकतो. मेट्रोचं मुंबई वन कार्ड, बँकेचं टॅप करायचं कार्ड, सोसायटीच्या गेटचं कार्ड. हौशी माणूस फोनही टेकवून बघतो. फोन बहुधा दर वेळी नवा बनावट नंबर देतो. ०८ ने सुरू होणारा ४ बाइटचा नंबर दिसला की तो यादृच्छिक समजायचा. म्हणून स्व-नोंदणीची खिडकी दोन आठवडे उघडी ठेवा, मग बंद करा आणि नव्या माणसाची नोंदणी त्याच्या पहिल्या दिवशी एचआरच्या टेबलावर करा. तोच लॅमिंग्टन रोडचा रीडर इथे कामाला येतो, कार्डं ईएम असतील तर.

कार्ड घरी विसरणारा रोज एक तरी असतो. विरारहून आलेल्या माणसाला ‘परत जा’ म्हणता येत नाही. रिसेप्शनवर चार तात्पुरती कार्डं ठेवण्यापेक्षा युजरनेम-पासवर्ड किंवा पिनचा रस्ता पॅनलवर चालू ठेवा. तात्पुरती कार्डं परत येत नाहीत.

प्रिंटची रांग

कॉम्प्युटरवरून जुन्या, थेट मशीनला जोडलेल्या रांगा काढून टाका आणि एकच सामाइक रांग द्या. जुनी रांग एखाद्या लॅपटॉपवर राहिली की तिथून कागद पूर्वीसारखेच बाहेर पडत राहतात. मशीनवरही फायरवॉलने फक्त प्रिंट सर्व्हरकडून, आणि अडीअडचणीसाठी आयटीच्या एका लॅपटॉपकडून, काम घ्यायचं अशी मर्यादा घाला.

नाव जुळतंय का, तेही बघा. प्रिंट ज्याच्या नावाने रांगेत येते आणि कार्ड ज्याच्या नावावर आहे, ती दोन्ही युजरनेमं एकच हवीत. नुसत्या एंट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची डिरेक्टरी) जोडलेल्या लॅपटॉपवर विंडोज कधी ‘आरपाटील’ ऐवजी नाव-आडनाव जोडून ‘रमेशपाटील’ असं नाव पाठवतं. कार्ड टेकवल्यावर लॉगिन होतं पण यादी रिकामी दिसते, तर पहिला संशय इथेच घ्या. सॉफ्टवेअरमध्ये टोपणनावाची सोय असते, ती वापरा.

न काढलेली प्रिंट काही तासांनी आपोआप पुसली जाऊ द्या. दोन्ही बाजूंनी आणि काळ्या-पांढऱ्यात छापणं हे मूळ सेटिंग ठेवा, रंगीत हवं त्याला निवडू द्या.

पावसाळ्याची एक खास गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या पाकिटातला कागद ओल धरतो आणि जॅम वाढतात. कुणी तीस पानांचं काम सोडलं, दहाव्या पानाला जॅम झाला, माणूस वैतागून जागेवर गेला. पुढचा येतो, कागद ओढून काढतो, आणि उरलेली वीस पानं त्याच्या हातात पडतात. एवढा खटाटोप ज्यासाठी केला तेच फसलं. बऱ्याच मशीनांत अडकलेलं काम ठरावीक वेळाने किंवा लॉगआउटबरोबर रद्द करायचा पर्याय असतो. तो शोधून चालू करा.

साहेब आणि शिपाई

माहितीपत्रकात न सापडणारी अडचण ही. आपल्याकडे साहेब प्रिंटरपाशी जात नाहीत. ‘मॅडम, कार्ड द्या, प्रिंट घेऊन येतो’ असं म्हणून शिपाई कार्ड नेतो, आणि त्या कार्डावर दारं उघडतात, लॉकर उघडतात, आता मॅडमच्या सगळ्या थांबलेल्या प्रिंटही उघडतात. ‘कार्ड देऊ नका’ असं सर्क्युलर काढून काही होत नाही. दिवसभर कामात असलेली माणसं ते वाचून पुन्हा कार्डच देतात.

त्यापेक्षा रीतसर सोय द्या. सेक्रेटरीला किंवा ठरलेल्या शिपायाला साहेबांच्या वतीने प्रिंट सोडण्याचा अधिकार सॉफ्टवेअरमध्ये देता येतो. तो आपलंच कार्ड टेकवतो, नोंदही त्याच्याच नावाने होते. गोपनीय कामासाठी साहेबांना दुसरी रांग द्या, जी फक्त त्यांच्याच कार्डावर सुटेल. आणि केबिनमधला छोटा प्रिंटर काढायच्या फंदात पहिल्या महिन्यात पडू नका.

बीप ऐकून दोष ओळखणं

फोनवर तक्रार आली की एकच प्रश्न विचारा: बीप झालं का?

बीपच नाही, दिवाही बदलत नाही: रीडरला कार्ड दिसतच नाही. चुकीच्या जातीचं कार्ड, किंवा पाकिटातून टेकवलेलं. पाकिटात मेट्रोचं आणि बँकेचं कार्ड एकत्र असतील तर रीडर गोंधळतो किंवा भलतंच कार्ड उचलतो. कार्ड बाहेर काढून टेकवायला सांगा. रीडरचा दिवाच विझलेला असेल तर मशीन गाढ झोपेत गेल्यावर यूएसबीची वीज कापतंय. पॅनलला हात लावल्यावर रीडर जागा होत असेल तर स्लीपचं सेटिंग बदला.

बीप झालं पण ‘अनोळखी कार्ड’: नंबर जुळत नाही. एकाच माणसाचं असेल तर त्याची नोंद बघा. एका मशीनवर सगळ्यांचं असेल तर रीडर बदललाय. सगळीकडे सगळ्यांचं असेल तर सर्व्हरवर कुणीतरी कन्व्हर्टरला हात लावलाय.

बीप झालं आणि नंबर पडद्यावरच्या रकान्यात टाइप झालेला दिसला: मशीन रीडरला कीबोर्ड समजतंय, वर सांगितलेलं यूएसबी सेटिंग राहिलंय.

कार्डाची नक्कल

१२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड म्हणजे उघड्यावर लिहिलेला नंबर. बाजारात मिळणारा कॉपियर आणि कोरं टी५५७७ कार्ड घेतलं की नक्कल काही क्षणांत होते. मायफेअर क्लासिकचं क्रिप्टो१ हे कुलूप २००८ मध्येच फुटलं. डेसफायर भक्कम आहे, पण रीडर तिच्या चिपचा उघडा नंबरच वाचत असेल तर त्या भक्कमपणाचा उपयोग शून्य. आतला किल्लीने संरक्षित डेटा वाचायला रीडर तसा सेट करावा लागतो. रोजच्या प्रिंटसाठी साधं कार्ड चालेल असं मला वाटतं. एचआर, लीगल आणि अकाउंट्सच्या मशीनवर कार्ड अधिक पिन लावा.

आणखी एक. सर्व्हरच्या लॉगमध्ये फाइलची नावं दिसतात. ‘राजीनामा अंतिम’ असं नाव लॉगमध्ये वाचून कुणाचा बॉस आधीच सावध झाला, तर ते आपल्यामुळे. फाइलची नावं लपवायचा पर्याय चालू करा, लॉग किती दिवस ठेवायचे ते ठरवून लिहून ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून कंपनीच्या वकिलांनाही यात रस असतो.

चालू करायचा दिवस

आधी एकच मशीन, आयटी किंवा ॲडमिनच्या मजल्यावरचं, आठवडाभर. मग बाकी. पगाराचा आठवडा नको. अकाउंट्सच्या मजल्यावर ११ आणि २० तारीख टाळा, जीएसटीची रिटर्नं त्या दिवशी असतात. सीएच्या ऑफिसात जुलैअखेर तर हा विषयच काढू नका. मशीनजवळ मराठी आणि इंग्रजीत एक पान चिकटवा: कार्ड इथे टेकवा, काम निवडा, निघताना लॉगआउट. चौथी ओळ लिहू नका, कुणी वाचत नाही.

सर्व्हर बंद पडला तर काय, हे त्या दिवसाआधी करून बघा. नेटवर्कची केबल खरंच काढा आणि कार्ड टेकवा. काही मशीनं अलीकडच्या वापरकर्त्यांना ओळखून झेरॉक्स तरी काढू देतात, काही दार लावून बसतात. एक थेट रांग फक्त आयटीच्या लॅपटॉपवर लपवून ठेवा, ऐन वेळी टेंडरचे कागद अडकले की तीच कामाला येते.

मशीन भाड्याचं असेल तर एक दिवस ते परत जाणार आहे, आणि तो दिवस आयटीला न सांगताच उजाडतो. टेम्पो खाली उभा, दोन माणसं वर आलेली. गेटपासवर आयटीची सही सक्तीची करून ठेवा. सहीआधी हार्ड डिस्क पुसण्याचा मशीनमधला पर्याय चालवा, त्याला वेळ लागतो हे टेम्पोवाल्याला सांगा. ॲड्रेस बुक, वापरकर्ता यादी आणि सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड मशीनमधून काढा, आणि त्या अकाउंटचा पासवर्ड सर्व्हरवरही बदला. मग रीडर काढून घ्या, तो तुमच्या पैशांचा असेल तर.